आजार दोघांकडून, ठपका एकटीवर



बोईसरच्या एका वस्तीतल्या मुलाला वारंवार कावीळ होऊ लागली. आईबापांनी उसनवारी करून मुंबई गाठली. विल्सनचा आजार निघाला. केसपेपरवर भावंडांची तपासणी करण्याची सूचना होती. धाकट्या बहिणीला मात्र कोणी नेले नाही. ती धडधाकट दिसत होती, नेले तर रोज बुडणार होता. शिवाय ‘बोभाटा झाला तर हिच्या लग्नाचे काय?’ ही धास्ती. दोन वर्षांनी तिचे हात थरथरू लागले, अक्षर बिघडले, जीभ अडखळू लागली. भावाचे यकृताचे दुखणे आणि हिचा कंप एकच असेल, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. भगत झाला. शेजारपाजाऱ्यांनी तारापूरच्या कारखान्यांच्या धुराला दोष दिला. सासूने सुनेच्या कुशीला दिला.

धुराविरुद्धचा लढा लढायलाच हवा. पण हा आजार धुरातून येत नाही आणि एकट्या आईकडूनही येत नाही. यात शरीराला जादा तांबे बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात, मेंदूत साठते. म्हणून एकाच घरात एकाला कावीळ, तर दुसऱ्याला कंप होतो किंवा तो ‘वेडा’ ठरतो. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावे लागते. दोघेही स्वतः निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, आजाराची शक्यता चारात एक असते. मामे-आते भावंडांच्या लग्नात असे जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो.

या आजारावर १९५६ पासून औषध आहे. ते जन्मभर घ्यावे लागते. लक्षणे दिसण्याआधी सुरू केले, तर मूल निरोगी राहू शकते. रक्त, चोवीस तासांची लघवी आणि डोळे यांच्या तपासणीतून बहुधा निदान होते. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार मुंबईचे केईएम रुग्णालय अशा आजारांसाठीचे केंद्र आहे.

त्या मुलीचे औषध आता सुरू झाले आहे. हात किती सावरतील, ते सांगता येत नाही. भावाबरोबरच तिला नेले असते तर!

म्हणून वस्तीत काम करताना आजारी मुलाबरोबर त्याच्या बहिणींचीही चौकशी करू या. केसपेपर स्वतः वाचू या. आईवर ठपका येईल तिथे बापालाही समोर बसवून हे सारे समजावू या.

तुमचे अनुभव जरूर कळवा.