ओसरी, अंगण आणि गाडीची जागा

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी आज अनेक घरांत एकच प्रश्न घोळत असतो. मुले पुण्याला, हैदराबादला किंवा निदान नांदेडला स्थिरावलेली असतात आणि आग्रह करतात, "आता इकडेच या, फ्लॅटमध्ये सगळी सोय आहे." आई-वडील मात्र गावातले स्वतंत्र घर सोडायला तयार नसतात. या नकाराला आपण सहज हट्ट म्हणून मोकळे होतो. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्यात बरेच शहाणपण आढळते.

मराठवाड्यातले जुने घर आठवून पाहा. रस्त्याला लागून ढेलज, पुढे चौक, चौकाच्या कडेने ओसरी, आत माजघर आणि वर मातीचा जाड थर दिलेले माळवद. घरातले वडीलधारे माणूस दिवसाचा बराच वेळ ढेलजेत किंवा ओसरीवर बसे. ते घरातही असे आणि गावातही. येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस, नातवंडांवर नजर, धान्य निवडणे, वाती वळणे, या निमित्ताने दिवसभर उठबस होत राही. या उठबशीनेच मांड्यांचे स्नायू टिकतात आणि तोल सांभाळला जातो. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीच्या झोपेचे वेळापत्रक ताळ्यावर राहते. बोलायला माणूस मिळाले की मनही थाऱ्यावर राहते. यासाठी कोणी वेगळा व्यायाम सांगितला नव्हता; घराची रचनाच तो करवून घेत असे.

मात्र जुन्या घराचे गोडवे गाताना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरता येणार नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचा माळवदाचा अवजड भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. उन्हाळ्यात गारवा देणारे छतच काळ ठरले. पुढे पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे रुंद, सरळ रस्ते आणि भोवती मोकळी जागा असलेली सुटी घरे बांधण्यात आली. धोका जाणवताच दोन पावलांत उघड्यावर येता यावे, ही त्यामागची सुरक्षितता खरी होती. पण दाट वस्तीत हाकेच्या अंतरावर असलेला शेजार या आखणीत लांब गेला, आणि लांब गेलेला शेजार तरुणांपेक्षा म्हाताऱ्या पायांना अधिक जाणवतो.

म्हणून घर सुटे असावे, पण एकाकी नसावे. पुरुषभर उंच कंपाउंडची भिंत आणि दिवसभर बंद फाटक असलेला बंगला वृद्धांना फ्लॅटइतकाच कोंडून ठेवतो. तालुक्याच्या गावी आणखी एक पद्धत रूढ होत आहे: खाली दुकानांचे गाळे आणि वर राहणे. भाडे येते हे खरे, पण गुडघे दुखणाऱ्या आईसाठी बाहेरचा तो अरुंद जिना म्हणजे नजरकैदच होय. फ्लॅटला निदान लिफ्ट तरी असते. घर बांधताना तळमजल्यावरची एक खोली, कमोडसह न्हाणीघर आणि रस्त्यावर उघडणारी बसण्याची जागा ज्येष्ठांसाठी राखून ठेवावी.

आता गाडीच्या जागेविषयी. आपल्याकडे 'गॅरेज' म्हटले की मिस्त्रीचे दुकान डोळ्यांपुढे येते. घरातल्या जागेला आपण पोर्च म्हणतो. पूर्वी दारात दमणी उभी असणे हा मान होता, आज चारचाकीचा आहे. त्यात थोडी मिरवण्याची हौस असते, असू द्या. रुग्णसेवा करणाऱ्याला मात्र या जागेची किंमत वेगळ्या अर्थाने कळते. अरुंद बोळात रुग्णवाहिका शिरत नाही, तेव्हा भर पावसात रुग्णाला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत न्यावे लागते. तेच छपराखाली गाडीचे दार उघडता आले, तर अर्धांगवायूच्या रुग्णाला एक माणूसही सावकाश आत बसवू शकतो.

गाडी बाहेर गेली की हाच पोर्च ओसरी होऊ शकतो. तेथे हात टेकून उठता येईल अशी, दांड्यांची खुर्ची ठेवावी. फरशी चकचकीत नको. पॉलिश न केलेली शहाबादी उत्तम. पायरीऐवजी उतार करायचा असल्यास एक फूट उंचीला बारा फूट लांबी द्यावी. याहून उभ्या उतारावर चाकांची खुर्ची घसरते. शटर बंद ठेवून गाडी चालू करू नये. तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो लगतच्या खोलीत निजलेल्या माणसापर्यंत पोहोचतो.

कोपऱ्यात जळण, पोती आणि अडगळ रचून ठेवण्याची आपली सवयही सोडायला हवी. अडगळीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. सर्पदंशावरील उपचारांसाठी डॉ. दिलीप पुंडे यांच्यामुळे मुखेडचे नाव दूरवर पोहोचले आहे, तेव्हा येथल्या वाचकांना हा धोका वेगळा सांगायला नको. रात्री अंगणात उतरताना बॅटरी हाती असावी. दंश झालाच, तर जखम कापणे, घट्ट आवळणे किंवा मांत्रिकाकडे जाणे यांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

इतके करूनही एकट्याने राहणे अशक्य होते, असा काळ येतो. विस्मरण वाढते, वारंवार पडणे होते, इंजेक्शने सुरू होतात. तेव्हा मुलाकडे जाणे योग्यच. फ्लॅट निवडताना मात्र सजावटीपेक्षा इतर गोष्टी पाहाव्यात: लिफ्ट वीज गेल्यावरही चालते का, फाटकाजवळ सावलीत बाक आहे का, बोलीभाषेत बोलणारी माणसे आसपास आहेत का. गावच्या घराच्या विक्रीचा कागद करण्यापूर्वी एक उन्हाळा आणि एक पावसाळा तेथे काढून पाहावा. तेवढ्या दिवसांत आई संध्याकाळी कोणी न सांगता किती वेळा खाली उतरते, हे मुलाने कॅलेंडरवर लिहून ठेवावे.