घर-अंगण : पहिले बदक निवडताना

बदके पाळावयाची असे घरात एकदा ठरले, की चर्चा बहुधा रंगावर येऊन थांबते. मुलांना पांढरे शुभ्र बदक हवे असते, वडीलधाऱ्यांना भरपूर अंडी देणारे, आणि शेजाऱ्यांना (त्यांचे मत कुणी विचारलेच तर) मुळीच न ओरडणारे. या सर्व इच्छा एकाच पक्ष्याकडून पुऱ्या होत नाहीत. म्हणून प्रथमच बदक आणणाऱ्या वाचकांनी रंगाचा विचार शेवटी करावा. आपल्या घरची जागा, पाणी व शेजार कसा आहे, आणि बदकाचा माणसाळूपणा जातीतून किती येतो व आपल्या हातून किती येतो, हे आधी पाहावे.

जागेविषयी स्पष्टच सांगितलेले बरे. बदकाची विष्ठा पातळ असते, ते पाणी उडविते, आणि जेथे पाणी तेथे चिखल करते. तिसऱ्या मजल्यावरील सज्जात बदक ठेवण्याचा बेत सोडून द्यावा. ज्यांना अंगण आहे, परसू आहे, निदान केळीचे चार खुंट आहेत, त्यांच्यासाठीच पुढील मजकूर आहे. रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येक पक्ष्याला तीन ते चार चौरस फूट आणि दिवसा फिरावयास दहा-पंधरा चौरस फूट जागा मिळावी. आणखी एक हिशेब कागदावर मांडून पाहावा. नीट निगा राखलेले बदक आठ-दहा वर्षे जगू शकते. आज जो मुलगा तिसरीत बसून बदकासाठी हट्ट धरीत आहे, तो महाविद्यालयात जाईल तेव्हाही ते अंगणात असेल. मग हौस फिटलेले बदक गावच्या तळ्यात सोडून देण्याचा प्रकार घडतो. घरची भारी बदके उडू शकत नाहीत, कुत्र्यांपासून स्वतःला वाचवू शकत नाहीत, आणि हाताने खाऊ घातलेल्या पक्ष्याला तळ्यात अन्न शोधण्याची सवय नसते. ‘मोकळे सोडले’ असे आपण म्हणतो. ते बहुधा फार दिवस टिकत नाही.

आता जातींकडे वळू. मस्कोव्ही सोडल्यास जगातील सर्व पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून उत्पन्न झाली आहेत, तरी त्यांच्या स्वभावात पुष्कळ अंतर आहे.

शांतपणा हीच पहिली अपेक्षा असेल, तर पांढऱ्या पेकिनला पसंती द्यावी, असे मला वाटते. ही जात मूळची चीनची. १८७३ मध्ये ती अमेरिकेत गेली आणि तेथून मांसासाठी जगभर पसरली. पूर्ण वाढलेला पक्षी साडेतीन ते साडेचार किलो भरतो. तो उडत नाही, दचकून सैरावैरा पळण्याचा त्याचा स्वभाव नाही, आणि लहानपणापासून हाताळलेले पेकिन माणसाच्या मागे मागे फिरते. उणिवाही ध्यानी घ्याव्यात. मादीचा आवाज मोठा असतो आणि पहाटे तो अधिकच मोठा वाटतो. देह जड व पाय नाजूक, म्हणून पायाला धरून उचलण्याची आपल्याकडची बाजारातील पद्धत येथे घात करते. एक हात पोटाखाली व दुसरा मिटलेल्या पंखांवर ठेवूनच उचलावे. मांसासाठीच्या कोंबड्यांचे खाद्य याला दीर्घकाळ घालू नये. वजन वाढते आणि पाय तो भार पेलू शकत नाहीत. विदर्भ वा खानदेशासारख्या उन्हाच्या प्रदेशात तर दाट सावली हवीच.

अंड्यांची अपेक्षा असेल त्यांनी खाकी कँपबेल घ्यावे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील अ‍ॅडेल कँपबेल या बाईंनी रनर, रूआँ व मॅलार्ड यांच्या संकरातून ही जात तयार केली आणि १८९८ मध्ये ती लोकांसमोर आणली. उत्तम निगेत ही मादी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. तथापि ती चपळ व काहीशी भित्री असते. ती हातातून दाणे खाईल, पण मांडीवर बसेल अशी आशा धरू नये. ती बहुधा अंड्यांवरही बसत नाही. बदके आपली अंडी बहुतेक सकाळी नवाच्या आतच घालतात. तोवर त्यांना खुराड्यातच ठेवावे, नाहीतर घरच्या माणसांचा दिवस झुडपांखाली अंडी शोधण्यात जातो.

इंडियन रनर हे नाव ऐकून ती आपली जात असावी असा समज होतो. वस्तुतः ती इंडोनेशियाच्या बेटांवरची आहे. बाटलीसारखी उभी मान करून एका रांगेत धावणारी ही बदके पाहावयास मोठी गमतीची, आणि गोगलगाई वेचण्यात तर कुशलच. परंतु जरा खुट्ट झाले की सगळा कळप कोपऱ्यात. पहिल्यांदाच पाळणाऱ्या घरात लहान मुले असतील, तर ही जात नंतरसाठी ठेवावी.

घरे दाटीने उभी असतील तर मस्कोव्हीचा विचार करावा. ही मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील. तिचे कुळच निराळे. डोळ्यांभोवती तांबडी मांसल त्वचा असते, आणि क्वॅक-क्वॅक न करता ही बदके फुसफुसतात. इतर बदकांची अंडी अठ्ठावीस दिवसांत उबतात, हिची पस्तीस दिवसांत. मादी उत्तम आई असते, इतकी की आपल्याकडे कोंबडीची अंडीही तिच्याखाली ठेवतात. मात्र तिच्या पायाच्या नख्या तीक्ष्ण असतात, ती उडून भिंतीवर बसते, आणि वयात आलेला नर भारी व कधीकधी आक्रमक होतो. तान्ही मुले रांगत असलेल्या अंगणात तो नर नको.

या परदेशी नावांच्या गर्दीत आपल्या देशी बदकांचा विसर पडू देऊ नये. केरळच्या कुट्टनाडातील काळसर हिरवट चारा व तपकिरी चेंबल्ली, आसामातील पाटी, बराक खोऱ्यातील काळ्या अंगाची व पांढऱ्या छातीची नागेश्वरी, बिहारची मैथिली या बदकांनी तेथल्या हवेशी, रोगराईशी आणि माणसांशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतले आहे. दक्षिणेत भाताची कापणी झाली की शेकडो बदकांचे थवे एका माणसाच्या काठीच्या इशाऱ्यावर शेतामागून शेत पार करीत जातात. जे वाचक या प्रदेशांत राहतात, त्यांनी दुरून पिल्ले मागविण्यापेक्षा शेजारच्या गावातूनच आणावीत. अंडी थोडी कमी मिळतील, पण औषधपाण्याची यातायातही कमी होईल. तळ्यावरचे हळदीकुंकू बदक वा अन्य रानबदके मात्र कितीही मोहक वाटली तरी पकडून आणू नयेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांस संरक्षण आहे.

जात निवडून झाली तरी अर्धेच काम झाले. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कॉनराड लोरेंझ, ज्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्यांनी दाखवून दिले की अंड्यातून बाहेर आलेले हंसाचे पिल्लू प्रथम जे हलताना पाहते त्यालाच आई मानते. मॅलार्डची पिल्ले मात्र त्यांच्यामागे येईनात. लोरेंझ खाली बसून, बदकिणीसारखा आवाज सतत काढीत सरकू लागले, तेव्हा कोठे ती येऊ लागली. कुंपणापलीकडून पाहणाऱ्यांना काय वाटले असेल ते वाटो! आपण विकत आणलेली पिल्ले काही दिवसांची असतात व ती पहिली घटका निघून गेलेली असते. तरीही या प्रयोगातील दोन गोष्टी उपयोगी पडतात: खाली बसणे, आणि आवाज. पहिले तीन आठवडे दररोज ठरलेल्या वेळी जमिनीवर बसावे, प्रत्येक वेळी एकच साद घालावी, आणि तळहातावरून खाद्य द्यावे. मुलांना पाठलाग करू देऊ नये. पिल्लू आपण होऊन येईपर्यंत थांबण्यास शिकवावे. असे वाढविलेले कँपबेल हे दुर्लक्षित पेकिनहून अधिक सलगी करते.

एकटे पिल्लू कधीही आणू नये. ते माणसाला चिकटते खरे, परंतु घर रिकामे झाले की आक्रोश करीत राहते. दोन किंवा तीन माद्या हा सर्वांत सुखाचा संसार. एका मादीमागे एक नर ठेवल्यास तिच्या मानेवरची पिसे उपटली जातात. नर हवाच असेल तर चार-पाच माद्या हव्यात. सहा-आठ आठवड्यांची पिल्ले घेतल्यास फसगत होत नाही: मादी मोठ्याने ओरडते, नराचा आवाज घोगरा व दबका असतो. पुढे नराच्या शेपटीवर वळलेली पिसे येतात.

लहान पिल्ले आणल्यास पहिल्या आठवड्यात तीस-बत्तीस अंश उष्णता द्यावी व ती हळूहळू कमी करावी. आईवाचूनची पिल्ले लवकर भिजतात, म्हणून त्यांना एकटी पोहावयास सोडू नये. खाद्याशेजारी पाणी सदैव हवे. कोरडा भरडा त्यांच्या घशात अडकतो. तळे मात्र आवश्यक नाही. डोके व डोळे बुडविता येतील इतक्या खोलीचे घमेले पुरते. ते पाणी रोज बदलून केळीला घालावे, म्हणजे डासही होत नाहीत.

शेंगदाण्याच्या पेंडीविषयी विशेष सावध राहावे. १९६० मध्ये इंग्लंडात हजारो टर्की व बदकांची पिल्ले अकस्मात दगावली. बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिन हे विष त्यामागे होते, असे पुढे निष्पन्न झाले. बदकाचे पिल्लू या विषाला फारच लवकर बळी पडते. पावसाळ्यात दमट झालेली पेंड, मका वा कणी स्वस्त मिळाली तरी घालू नये. वास आला की फेकून द्यावी.

मुलांनी बदकांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्यांचे मुके घेऊ नयेत. २०१४च्या अखेरीस कुट्टनाडात बर्ड फ्लूमुळे मोठ्या संख्येने बदके नष्ट करावी लागली होती. तेव्हा पक्षी एकाएकी मरू लागल्यास ते न हाताळता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. बदकांच्या प्लेगची लस केव्हा द्यावयाची, हेही तेथेच विचारावे. पिल्लांसाठी प्रथम सरकारी कुक्कुट प्रक्षेत्राकडे चौकशी करावी. बंगळूरजवळील हेसरघट्टा हे बदकपैदाशीसाठी प्रसिद्ध आहे, आणि भुवनेश्वर येथे कुक्कुट संशोधन संचालनालयाचे प्रादेशिक केंद्र बदकांवर संशोधन करते. पिल्ले घरी येण्याच्या आधी खुराड्याच्या दाराची कडी व जाळीची भोके तपासावीत. मुंगूस पहिल्याच दिवशी येते.