मजुरीचा हिशोब आणि पायथन

इंग्रजी कच्चे म्हणून देऊळघाटच्या आमच्या मुलांनी संगणकाला किती दिवस भ्यायचे? पायथन ही संगणकाची भाषा १९९१ पासून फुकट मिळते. क्लासवाल्यांचे महागडे प्रमाणपत्र राहू द्या, रोज एक छोटे उदाहरण सोडवा. आम्ही वकील; ऐकीव पुरावा मानत नाही, म्हणून आधी स्वतः करून पाहिले. मजुरी ३००, दिवस २६, हातात पडले ६५००. एक गुणाकार, एक वजाबाकी. उत्तर आले : बुडाले १३००! २००८ च्या पायथन ३ पासून ‘मजुरी’ हे नाव मराठीतच लिहिता येते. अंक व आज्ञा तेवढ्या इंग्रजीत. चुकले तर बहुधा ओळ क्रमांकही दाखवतो, जात विचारत नाही. आता पुढचे उदाहरण : ‘फॉर’ ही आज्ञा वापरून ४० मजुरांचा हाच हिशोब काढा. मुकादमाची वही शेजारी ठेवा.