भिंतीवरची आजी

'छायाचित्रांत आठवणी जपल्या जातात' हे वाक्य आपल्याकडे इतक्या निर्धास्तपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कुणालाच वाटत नाही. छायाचित्र आठवण जपत नाही. ते आठवणीच्या जागी येऊन बसते. हा आरोप छायाचित्रणकलेवर नाही, तिच्या भरवशावर स्मरणाचे कष्ट सोडून देणाऱ्या आपल्यावर आहे.

आमच्या घरी आजीचा एकच फोटो आहे. एका लग्नातल्या समूहछायाचित्रातून तिचा चेहरा वेगळा काढून मोठा करून घेतलेला. स्टुडिओतल्या कारागिराने तेव्हाच्या रीतीप्रमाणे सुरकुत्या पुसल्या, पदर सारखा केला आणि गळ्यात एक ठसठशीत सोन्याचा सर रंगवला. चुलीपुढे वाकलेली तिची पाठ मला आठवते, खाकरणे आठवते. चेहरा मात्र आता त्या कारागिराने दिलेला आठवतो. धाकटा चुलतभाऊ तर तो सर दिवाळीला तिच्या गळ्यात पाहिल्याचे शपथेवर सांगतो.

तो खोटारडा नाही. किंबर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली २० जणांना त्यांच्या बालपणीचा, बलूनमधून फेरी मारतानाचा बनावट फोटो दाखवला. कधीच न घडलेली ती फेरी निम्म्या लोकांना पूर्णतः वा अंशतः 'आठवू' लागली. लिंडा हेन्केल यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात तर संग्रहालयातील ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. (कॅमेऱ्यातून एखादा तपशील जवळून टिपणाऱ्यांचे मात्र तसे झाले नाही; म्हणजे प्रश्न यंत्राचा नसून लक्ष देण्याचा आहे.)

यावर कुणी भोपाळचा दाखला देईल. १९८४ साली रघु राय यांनी टिपलेले, मातीत अर्धे पुरलेले ते मूल आपण विसरू शकतो का? नाही. पण ती साक्ष आहे, आणि साक्ष म्हणून अमोल आहे. स्मृती ज्यांच्याकडे असेल ते आईबाप चौकटीबाहेर आहेत. जगाच्या लेखी ते मूल 'अनाम'च राहिले. साक्ष आणि स्मृती यांची गल्लत केली की भिंतीवर फोटो टांगून आपण मोकळे होतो.

गेल्या दिवाळीत ते मूळ समूहछायाचित्र आत्याच्या ट्रंकेत सापडले. मागची बाजू कोरी. अठरा माणसांपैकी अकरा तिने ओळखली. मी पेन्सिलीने नावे लिहून घेतली. आजीच्या गळ्यावर बोट ठेवून सराचे विचारले, तेव्हा ती हसली. "आईकडे सोनं कुठलं रे? काळ्या पोतीत दोन मणी होते, त्यातला एक माझ्या बाळंतपणात गेला."