मुदत पोळ्यापर्यंत

संबंधित अधिकाऱ्यांस,

नाकाडोंगरी आणि तुमसर तालुक्यातील आसपासच्या गावांत दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टीचे नाटक करणारे आम्ही कलावंत हे जाहीरपणे कळवत आहोत.

निवेदन दिले. पोच घेतली. स्मरणपत्र दिले. त्याचीही पोच आमच्याकडे आहे.

उत्तर आले नाही.

आम्ही रस्ता अडवला नाही. घोषणा दिल्या नाहीत. धानाची रोवणी आटोपून तुमच्या दारात आलो, साहेब बैठकीत आहेत हे ऐकून परत गेलो.

याला कोणी दुबळेपणा समजू नये.

विषय एकदा शेवटचा सांगतो.

दिवाळीनंतरच्या मंडईत गायलेले पद कोणी तरी मोबाइलवर टिपतो. ते इंटरनेटवर चढते. तिथून कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र ते उचलते. मग आमच्याच गायकाच्या आवाजात, त्याने कधी न गायलेले गाणे गावोगाव फिरते. अंतऱ्याआधी तो जिथे दम घेतो, यंत्रही तिथेच दम घेते. खाली नाव भलत्याचेच.

कायदा आम्ही वाचला आहे.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती झाली. संगणकाने केलेल्या कृतीचा कर्ता कोण, तर ती करवून घेणारा. म्हणजे बटण दाबणाऱ्याची सोय झाली. ज्याच्या गळ्यावर यंत्र शिकले, त्याचे काय?

त्याच कायद्याचे कलम 38 कलावंताला त्याच्या प्रयोगावर 50 वर्षे हक्क देते. प्रयोगाची मोडतोड करून नावाला बट्टा लावणाऱ्याला रोखण्याचा हक्क 2012 च्या दुरुस्तीने दिला. हक्कभंगाला कलम 63 मध्ये कैद तीन वर्षांपर्यंत आहे.

अरिजित सिंग यांना 2024 मध्ये आणि आशा भोसले यांना 2025 मध्ये आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिले. दंडारीतल्या गड्याचा गळाही गळाच आहे.

डिसेंबर 2025 मध्ये केंद्राच्या समितीने प्रस्ताव मांडला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी यंत्र शिकवायला साहित्य वापरावे, मोबदला मध्यवर्ती संस्थेमार्फत द्यावा. निर्मात्याला नकाराचा हक्क नाही. त्या संस्थेच्या वहीत आमच्या शाहिराचे नाव कोण लिहिणार?

अमेरिकेत लेखक एकत्र आले. चोरीच्या प्रतींतून पुस्तके उतरवून घेतल्याच्या दाव्यात कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीला 2025 मध्ये दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. एकजुटीची किंमत आम्हालाही कळते.

मागण्या तीन.

कलावंतांची आणि त्यांच्या पदांची गावनिहाय नोंद करा.

लेखी संमतीशिवाय आमचा आवाज यंत्राला देता येणार नाही, असा आदेश काढा. नकाराचा हक्क त्यात हवाच.

केंद्राच्या प्रस्तावावरची आमची हरकत तुमच्या शिफारशीसह वर पाठवा.

मुदत पोळ्यापर्यंत. वाढवून मिळणार नाही.

त्यानंतर शासनाच्या एकाही महोत्सवात आमची दंडार उभी राहणार नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत मंचासमोर एकही मोबाइल चालू राहणार नाही. ते आमची पोरे पाहतील. आवाज वापरणाऱ्या प्रत्येकावर दावा दाखल होईल. तुमच्या सही-शिक्क्याची पोच त्या दाव्यात पुरावा म्हणून जोडली जाईल.

वकीलपत्रावर सह्या झाल्या आहेत. वर्गणी जमा आहे.

पोळ्यानंतर निवेदन येणार नाही. नोटीस येईल.