शिकाऊ परवाना आणि घरचे परीक्षक

मोठ्या एकत्र कुटुंबांत वडील माणसांच्या वागणुकीवर लहानांनीं तोंडावर टीका करण्याचा प्रघात नाहीं. टीका मुळींच होत नाहीं असें नव्हे. ती माजघरांत होते, माडीवर होते, पंगत उठल्यावर होते. परंतु वडिलांच्या कानावर जाईपर्यंत आजीच्या किंवा काकूच्या हातून तिची धार पुरी बोथट झालेली असते. आमच्या जालन्याच्या घरांतही हाच शिरस्ता होता. गेल्या दिवाळींत तो मोडला, आणि त्याला निमित्त झाला एक सरकारी कागद.

माझ्या धाकट्या बंधूंच्या कन्येस अठरावें वर्ष पुरें होतांच तिनें मोटार हांकण्याचा शिकाऊ परवाना काढला. हा परवाना सहा महिने चालतो. निदान तीस दिवस गेल्यावांचून कायमच्या परवान्याच्या परीक्षेस उभें राहतां येत नाहीं. गाडीच्या पुढें-मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें इंग्रजी ‘एल’ अक्षर लावावें लागतें, आणि शेजारीं परवाना असलेलें जाणतें माणूस बसावें लागतें. इतकें सर्वांस ठाऊक असतें. पण या कन्येनें वाहतुकीच्या नियमांचें पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलें, आणि हें आमच्या घरांत यापूर्वीं कोणींही केलेलें नव्हतें. घरांत परवाने पांच. नियम वाचलेलें माणूस एकच, आणि तेंही सर्वांत धाकटें. यांतून जें व्हावयाचें तें झालें.

पहिल्याच आठवड्यांत गांधी चमनापासून मंठा चौफुलीपर्यंत जातांना तिनें बापाच्या चुका मोजण्यास सुरुवात केली. वळतांना दिवा दाखविला नाहीं. चौकांतली पांढरी रेघ ओलांडून गाडी उभी केली. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मोठा झोत तसाच राहूं दिला. डावा पाय विनाकारण क्लचवर ठेवून दिला. फोन वाजला तो कानाला लावला नाहीं खरा, पण मांडीवर घेऊन कोणाचा आहे तें पाहिलें. बंधु स्वभावानें शांत. तरी त्या रात्रीं घरीं आल्यावर त्यांनीं पायांतले जोडे नेहमीपेक्षां जरा जोरानेंच काढले.

त्यांची बाजू अगदींच लंगडी होती असें मात्र नाहीं. उतार लागला कीं ते गाडी न्यूट्रलवर टाकतात. तेणेंकरून पेट्रोल वांचतें, असें आमच्या अण्णांनीं त्यांना जुन्या फियाटवर शिकविलें होतें. अण्णांचें म्हणणें त्या गाडीपुरतें खोटें नव्हतें. कार्बुरेटरच्या इंजिनांत उतारावरही पेट्रोल खेंचलें जात असे. हल्लींच्या गाडीची गोष्ट निराळी. तिच्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, कीं यंत्र पेट्रोलचा फवारा आपण होऊन बंद करतें आणि चाकेंच इंजिनाला फिरवीत राहतात. उलट न्यूट्रलवर टाकली तर इंजिन चालूं राहण्यापुरतें पेट्रोल जळतच असतें. शिवाय इंजिनाचा रोध नाहींसा होऊन सगळा भार ब्रेकवर येतो. हें पोरीनें समजावून सांगितलें तेव्हां बंधूंस राग आला तो स्वतःवरील टीकेचा नव्हता, अण्णांवर बोट ठेवल्याचा होता. गाडी हांकण्याच्या संवयी घराण्यांत कुलाचारासारख्या चालत येतात, हें मला त्या दिवशीं प्रथम उमगलें.

माझीही सुटका झाली नाहीं. मी स्कूटरवरून भाजीस जातों तो शिरस्त्राण हातांत अडकवून. चौकांत पोलिस दिसला तर तें डोक्यावर चढवावयाचें, ही माझी जुनी युक्ति. एके सकाळीं दारांतून निघतांना मागून प्रश्न आला, “काका, डोकें कोपरांत असतें का?” शिरस्त्राणावांचून दुचाकी हांकल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, हेंही तिनें जोडून दिलें. मीं हंसून वेळ मारून नेली. त्या दिवशीं शिरस्त्राण माझ्या हातांतच राहिलें, हें येथें कबूल केलेलें बरें.

बंधूंजवळ एक हुकमी उत्तर होतें, आणि तें त्यांनीं एके रात्रीं जेवतांना काढलें. “तूं दहावींत शिकवणीला स्कूटी घेऊन जात होतीस, तेव्हां कोठें होते तुझे नियम?” पोरगी क्षणभर थांबली आणि खालच्या आवाजांत म्हणाली, “किल्ली तुम्ही दिली होती, बाबा.” वाढणाऱ्या हातांतील पळी तेथेंच थांबली. कोणीं कांहीं बोललें नाहीं. कायदा असा आहे कीं गिअर नसलेली, ५० सीसींपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षानंतर पालकाच्या संमतीनें चालवितां येते. बाकी सर्वांस अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. आपल्या मुलांच्या हातीं असतात त्या बहुतेक दुचाकी ५० सीसींच्या वरच्या. २०१९ च्या दुरुस्तीनें तर अज्ञान मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं, अशी तरतूद केली आहे. संध्याकाळीं कोणत्याही गांवीं शिकवणीच्या वर्गांबाहेर उभ्या असलेल्या दुचाकींची रांग पाहावी. त्यांतील प्रत्येक किल्ली कोणत्या तरी सुशिक्षित बापानें स्वतःच्या हातानें दिलेली असते.

येथवर सारा प्रकार विनोदावारी नेण्यासारखाच होता. माघ महिन्यांत आम्ही सर्व जांब समर्थ येथें दर्शनास गेलों, आणि त्या दिवसानंतर तो विनोद राहिला नाहीं.

जातांना दिवसाउजेडीं गाडी पोरीकडे होती. निघण्यापूर्वीं तिनें मागें वळून पाहिलें आणि किल्ली फिरवीना. मागें आमच्या मातोश्री, काकू व मी. “आजी, पट्टा.” मातोश्रींचें म्हणणें, नऊवारीची घडी मोडते, आणि मागें बसणाऱ्यास पट्टा हवाच कशाला? पुढें बसणाऱ्यानें बांधावा. हा समज आमच्या मराठवाड्यांत तरी उरावयास नको होता. ३ जून २०१४ रोजीं दिल्लींत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीस दुसऱ्या मोटारीची धडक बसून ते गेले, ते मागच्याच आसनावर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. तेही मागेंच बसले होते आणि पट्टा बांधलेला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. गाडी अकस्मात् थांबली तरी आंतील माणसाचें शरीर मूळच्या वेगानेंच पुढें जातें. पुढें जातें तें पुढच्या आसनावरील आपल्याच माणसाच्या पाठीवर. मुंडे यांचें नांव निघतांच मातोश्रींनीं निमूटपणें पट्टा ओढून घेतला.

परततांना अंधार पडला म्हणून बंधु हांकण्यास बसले. उसाचा हंगाम, घनसावंगीपासून अंबडपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि कित्येकांस मागचा दिवा म्हणून नाहीं. पुढें एक ट्रक चालला होता. त्याचा उजवा दिवा लुकलुकूं लागला. आमच्या हमरस्त्यांवर या दिव्याचे दोन अर्थ रूढ आहेत: ‘मी उजवीकडे वळतों’ हा एक, आणि ‘रस्ता मोकळा आहे, उजवीकडून पुढें जा’ हा दुसरा. दुसरा अर्थ कोणत्याही पुस्तकांत नाहीं. पण पंचवीस वर्षें गाडी हांकणाऱ्याच्या हाडांत तो मुरलेला असतो. बंधूंनीं गाडी उजवीकडे काढण्यास घेतली.

“बाबा, नको. तो वळतोय.”

“अगं, तो आपल्याला वाट देतोय.”

“पुस्तकांत तसा अर्थ नाहीं, बाबा. थांबा.”

बंधूंनीं चिडून पाय मागें घेतला आणि तिला दोन शब्द सुनावण्यासाठीं तोंड उघडलें. ते शब्द बाहेर पडलेच नाहींत. ट्रक सगळा रस्ता अडवून उजव्या हाताच्या शेतवाटेंत वळला. आम्ही पुढें निघालों असतों तर नेमके त्याच्या पोटाशीं असतों, आणि माझ्या मातोश्री उजव्या खिडकीशीं बसल्या होत्या. ट्रकवाल्याचा कांहींच दोष नव्हता. त्यानें दिवा दाखविला होता. अंबड येईपर्यंत गाडींत कोणीं बोललें नाहीं. अंबडला चहासाठीं उतरलों तेव्हां बंधूंचा हात कपबशीसकट हालत होता.

दोन दिवस ते मुलीशीं बोलले नाहींत. याचा अर्थ राग असा करूं नये; बापाला मुलीपुढें शब्द सांपडत नाहींत असेही दिवस असतात. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं तें नियमांचें पुस्तक मागून घेतलें आणि झोपाळ्यावर बसून पोथीसारखें वाचलें. मधून मधून “असें होय!” एवढेंच ऐकूं येई.

त्यानंतर टीका दुतर्फा सुरू झाली, आणि माझ्या मतें खरें शिक्षण तेव्हांपासूनचें. कारण पोरगीही सर्वत्र बरोबर होती असें नाहीं. भोंगा वाजविणें म्हणजे असभ्यपणा, असा तिचा ग्रह होता. शहरांत, इस्पितळापुढें, तो खराच आहे. पण भोकरदनच्या वाटेवर दोन्हीं बाजूंस उंच ज्वारी असलेल्या आंधळ्या वळणावर भोंगा वाजविला नाहीं तर पलीकडच्या बैलगाडीवाल्यास आपण येत आहों हें कळावें कसें? रस्ता ओलांडतांना एक शेळी दिसली कीं मागें करडूं असणार म्हणून आधींच वेग कमी करावयाचा, वाऱ्यानें धुरळा उठला तर पलीकडे कोणी आहे असें धरूनच चालावयाचें, लग्नसराईंत रात्रीं रस्त्याच्या कडेनें वरात असणार हें ध्यानांत ठेवावयाचें, हें सारें बंधूंनीं तिला सांगितलें. तें तिच्या पुस्तकांत नव्हतें. तिनें तें निमूट ऐकून घेतलें.

फाल्गुनांत संभाजीनगरास जाण्याचा प्रसंग आला तेव्हां बंधूंनीं समृद्धी महामार्गानें गाडी नेली. नागपूर ते शिर्डी हा त्या रस्त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजीं सर्व ७०१ किलोमीटर पुरे झाले. आमच्या जिल्ह्यांतून तो जातो. तेथें मोटारीस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. पोरीनें शेजारीं बसून हिशेब सांगितला: १२० म्हणजे सेकंदास ३३ मीटर. पुढचा धोका डोळ्यास दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी ११० फूट आधींच पुढें गेलेली असते, आणि ब्रेकचें काम त्यानंतर सुरू होतें. वेग दुप्पट केला कीं ब्रेक लावल्यानंतरचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. बंधु अण्णांच्या फियाटला सोसत असे तेवढेंच अंतर पुढच्या गाडीमागें राखीत आले होते. त्यांनीं तें वाढविलें. मधल्या मोकळ्या जागेंत दुसरी गाडी घुसली म्हणून थोडे पुटपुटले, पण वाढविलें.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत पंचवीस वर्षांखालील शिकाऊ माणसास १२० तास गाडी हांकल्याची नोंद दाखवावी लागते, त्यांतले २० तास रात्रीचे. हे तास पुष्कळदां आईबाप शेजारीं बसून पुरे करतात. म्हणजे तेथील बापास १२० तास मुलाच्या शंकांना तोंड द्यावें लागत असणार. आमच्याकडे ही परीक्षा फार लौकर आटोपते. आणि आटोपल्यावर काय होतें? ओरित टाउबमन–बेन-आरी व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधील अभ्यासांत आईबापांच्या आणि मुलांच्या हांकण्याच्या तऱ्हांमध्यें साम्य दिसून आलें. मुलें टीका करतात ती शिकत असतांना. तीं शिकतात मात्र लहानपणापासून मागच्या आसनावर बसून जें पाहिलें तें. शिकाऊ परवान्याचे ते थोडे महिने या दोहोंच्या मधले आहेत, आणि बहुतेक घरांत ते “तूं आम्हांला शिकवूं नकोस” या एका वाक्यानें वायां जातात. आमच्या घरांतही वायां जाणारच होते. तो ट्रक वळला म्हणून गेले नाहींत.

फाल्गुनाच्या अखेरीस पोरीस कायमचा परवाना मिळाला. आठाच्या आकड्यावरून गाडी बिनचूक फिरवून ती पास झाली, घरीं पेढे वांटले, आणि तांबड्या ‘एल’च्या पाट्या माळ्यावर गेल्या. बंधु हल्लीं मांडीवर फोन घेत नाहींत. माझें शिरस्त्राण डोक्यावर असतें. निदान बाजारास जातांना असतें.

गेल्या आठवड्यांत राजूरच्या गणपतीस जावयाचें होतें. पोरगी हांकण्यास बसली, शेजारीं तिचे बाबा, मागें आम्ही. कोठल्याशा मैत्रिणीचा निरोप आला होता. तो पाहतां पाहतां तिनें एका हातानें किल्ली फिरविली आणि मागें न पाहतांच गाडी फाटकाबाहेर काढूं लागली. बंधूंनीं माझ्याकडे पाहिलें, मीं त्यांच्याकडे पाहिलें. दोघांपैकीं कोणासच काय बोलावें तें सुचेना. तेवढ्यांत मागून मातोश्रींचा आवाज आला.

“अगं, थांब. माझा पट्टा लागायचाय अजून. आणि तो फोन दे इकडे.”