स्प्रिंग कापण्याआधी रस्ता बघा

तरुण शेतकरी बंधूंनो, ऊसबिल हाती आले की जुनी अल्टो घ्यायची आणि गॅरेजला नेऊन खाली बसवायची, ही हौस आता गावातही दिसते. स्वस्तातले मार्ग दोनच. ग्राइंडरने स्प्रिंगचा वेढा कापायचा, नाहीतर गॅसने तापवून ती दाबायची.

दुसरा तर मुळीच नको. कोयता जाळात लाल करून तसाच सोडला तर त्याचे पाणी उतरते, हे तुम्हाला सांगायला नको. स्प्रिंगच्या पोलादाचेही तेच. ती पुढे बसतच जाते. कापलेली स्प्रिंग आखूड पडते. चाक खड्ड्यात लोंबले की ती जागेवरून सुटू शकते. शॉकअॅब्सॉर्बर तळाला आपटून गळतो, अलाइनमेंट बिघडून टायर एका कडेने झिजतात.

आणि आपले रस्ते? अल्टोच्या पोटाखाली कागदावर १६० मिलिमीटर. नियमातला गतिरोधक १०० मिलिमीटर उंच, पण आपल्या वेशीवरचा कुणी मोजून घातलाय? गाडी दोन इंच उतरवली, मागे आई-वडील अन् पेंडीचे पोते बसले, की ऑईल चेंबर घासलाच म्हणा.

मूळ बांधणीत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. अपघातानंतर विम्याचा वाद निघाला तर तो निस्तरायचा कुणी?

गाडी वळणावर झुलते म्हणून खाली घेत असाल, तर आधी झिजलेले बुश आणि शॉकअॅब्सॉर्बर बदला. स्प्रिंग कापून झाली असेल तर मूळ मापाची आणा, पण जोडीने. एकच बदललीत तर गाडी कलते.